गलतीची फळी

फिटरकाकांनी मला खोली देताना दोन अटी घातल्या. एक, अंगणात संत्रं सोलायचं नाही. दोन, रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास इंग्रजी वाचून दाखवायचं. भाड्याचं बोलणं राहूनच गेलं. ते पुढं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्याशी परस्पर ठरवलं.

मी तेव्हा पांढुर्ण्याहून सौंसरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून नवा नवा आलो होतो. वय चोवीस. पांढुर्ण्यात वडिलांचं कापडाचं दुकान, घरातला पहिला बी.एस्सी. मी आणि तोही नागपूरहून झालेला. आपल्याला काही येत नाही असं त्या वयात मला कधी वाटलंच नाही. संत्र्यांच्या मुलखात राहून संत्रं सोलू नका म्हणणारा माणूस मला पहिल्याच दिवशी अर्धवट वाटला आणि मी हसलो.

"हसून काय राह्यले मास्तर?" ते म्हणाले. "सालीचं तेल उडते. बोटाले लागते. तेच बोट तुमी बेअरिंगले लावान. मंग?"

मी कशाला बेअरिंगला बोट लावतो, असं मनात म्हणालो. दोन महिन्यांत मी बेअरिंगलाच काय, पिस्टनलाही बोट लावत होतो. त्या घरात राहणारा माणूस फार दिवस कोरडा राहू शकत नसे. काकूसुद्धा भाजी निवडता निवडता मागच्या शेडकडे कान देऊन म्हणायच्या, "आज व्हॉल्व्ह वाजून राह्यला वाटते."

ते शेड टिनाचं, घराच्या मागं होतं. तिथं कापसाच्या जिनिंगची इंजिनं यायची, बागांमधली पाणी ओढायची इंजिनं यायची, कधी एखादा ट्रॅक्टर यायचा. फिटरकाका तरुणपणी मँगनीजच्या खाणीच्या वर्कशॉपात होते. ती नोकरी त्यांनी एका वाक्यापायी सोडली होती. साहेब म्हणाला, चालतंय ना, मग चालू द्या. हे म्हणाले, "चालून राह्यलं आन् बराबर चालून राह्यलं, याच्यात फरक आहे साहेब." आणि डबा उचलून घरी आले. ही गोष्ट ते कधी सांगत नसत. काकू सांगायच्या, आणि सांगताना अजून थोड्या रागावलेल्या असायच्या.

इंजिन उघडताना ते काळ्याकुट्ट कपड्यांत असायचे, पण बंद करायच्या दिवशी आंघोळ करून पांढरं धोतर नेसायचे. त्या दिवशी शेडमध्ये बोलायचं नाही, विडी नाही, शिंकायचं झालं तर बाहेर. आवाज ऐकायला त्यांच्याकडे बांबूची एक काडी होती. एक टोक इंजिनवर, दुसरं दातांत. डोळे मिटून असे उभे राहायचे की वाटावं, दाढ दुखतेय. मग काडी काढून सांगायचे, "तिसऱ्याचं बेअरिंग ढिलं आहे." उघडलं की तिसऱ्याचंच निघायचं. माणसांबद्दलही ते याच भाषेत बोलत. आमच्या हेडमास्तरांना एकदाच भेटले आणि म्हणाले, "मानूस चांगला आहे, पन टायमिंग मागं आहे." हेडमास्तर कुठल्याही विनोदाला सगळे हसून झाल्यावर हसायचे, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

काढलेल्या प्रत्येक पार्टला ते सुतळीनं चिठ्ठी बांधत. आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहीत आणि मग समोर जो असेल त्याला ती मोठ्यानं वाचायला लावत. आपण लिहिलेलं आपण कधी वाचत नसत. म्हणायचे, "लिहिणारा डोक्यातलं वाचते, कागदावरचं नाई." दुसऱ्यानं वाचलं की "बराबर" म्हणायचे आणि पार्ट जागेवर ठेवायचे. ते "बराबर" ऐकल्याशिवाय काकूही स्वयंपाकघरात परत जात नसत.

शेडच्या पूर्वेच्या भिंतीला एक फळी होती. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भंगार वाटलं. जळालेला पिस्टन, वाकलेला रॉड, चीर गेलेलं हेड, दात उडालेलं गिअर. प्रत्येकाला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन ओळी: काय, काय झालं, गलती कोणाची. तिसऱ्या ओळीत बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, "माही". तीस-पस्तीस वर्षांच्या आपल्या चुका त्या माणसानं एका फळीवर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तो त्यांच्यावरचा धुरळा पुसायचा.

काही चिठ्ठ्यांवर तिसऱ्या ओळीत वेगळ्या हस्ताक्षरात वेगळी नावं होती. लोधीखेड्याच्या जिनिंगच्या ड्रायव्हरनं तेल न घालता इंजिन चालवलं होतं, त्याचं नाव त्यानं स्वतः लिहिलं होतं. मी विचारलं, "तुम्हीच का नाही लिहिलंत?"

"दुसऱ्याची गलती आपन लिहू नये," ते म्हणाले. "ज्याची त्यानं लिहावी. तो आला नाई तर जागा खाली राहू द्यावी."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येते," ते म्हणाले. "उशिरा येते कोनी कोनी. येते मात्र."

मी हे शाळेत स्टाफरूममध्ये सांगून सगळ्यांना हसवलं होतं. त्यांची नक्कल मला चांगली जमायची. दातांत पेन्सिल धरून डोळे मिटायचो. हेडमास्तर शेवटी हसायचे.

त्या वर्षी रामाकोन्याचे एक बागाईतदार त्यांच्याकडे गाडी घेऊन आले. घेऊन म्हणजे बैलगाडीवर लादून. दोन सीटांची, उघडी, विलायती गाडी. खाणीचा कोणी गोरा साहेब जाताना त्यांच्या वडिलांना देऊन गेला होता. ती पंधरा-वीस वर्षं कापसाच्या गोदामात पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. फिटरकाकांनी ताडपत्री उचलली. खाणीत असताना त्यांनी ती चालताना ऐकली होती.

"साहेब घाटात टॉपवर चढे," ते मला म्हणाले. "छोटी लाइनची गाडी खालून निघे, तिच्या शिट्टीच्या आत हा वर."

बागाईतदारांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. हे इंजिन पूर्वीसारखं करून द्या, रामाकोन्याच्या पुढच्या घाटात टॉप गिअरवर चढवून दाखवा, मी तुम्हाला नागपूर रोडवर माझ्या जागेत पक्कं वर्कशॉप बांधून देतो. फिटरकाकांना पन्नाशीत कुणी असं काही पहिल्यांदाच देऊ करत होतं. ते परत गाडीकडे वळले. पण दुसऱ्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "मास्तर, त्या जागेत नळ आहे का हो? पाह्यलं का तुमी?" मी पाहिलं नव्हतं. त्या मात्र पाहून आल्या होत्या, नळ होता.

सीटखाली त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक सापडलं, आणि दुसरी अट त्यासाठीच होती हे मला उमगलं. गाडी येणार हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. मी रोज साडेपाचला चहा घेऊन शेडमध्ये बसायचो, वाचायचो आणि मराठीत सांगायचो. ते हातातलं काम न थांबवता ऐकायचे. महिन्याभरात त्यांना ते पुस्तक माझ्याहून जास्त येऊ लागलं.

पुस्तकात होतं, हेड घासून बारीक करा, ताकद वाढेल. त्यांनी नाही म्हटलं. "ते विलायतच्या पेट्रोलसाठी लिहिलं. आपलं पेट्रोल तेवढं सोसत नाई, ठोकते." त्यांनी उलट जाड गॅस्केट घातलं. चारही पिस्टन फडक्यात बांधून ते सौंसरच्या सोनाराकडे घेऊन गेले आणि त्याच्या तराजूत एकेक तोलून, जड होता तो आतून घासत, चौघांचं वजन एक केलं. सोनार म्हणाला, आजवर माझ्या तराजूत एवढी काळी वस्तू कोणी घातली नाही. पेट्रोलचा थेंब कागदावर सुकवून डाग राहतो का ते पाहायचे, राहिला की त्यात घासलेट. त्यासाठी मी शाळेच्या लॅबमधून फिल्टर पेपर आणून द्यायचो. गाडीला दोन कार्बोरेटर होते, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायच्या दोन जागा. दोन्ही सारखे ओढतात का ते ऐकायला त्यांनी रबरी नळी कानाला लावून डॉक्टरसारखं तपासलं. प्लग काढून रंग पाहायचे आणि काकूंना हाक मारायचे. "हा पाह्य. आपल्या चहासारखा झाला का?" काकू म्हणायच्या, "अजून दूध जास्त आहे." मग ते कार्बोरेटरची सुई बदलायचे. मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटायचं. आता वाटतं, मी इतकं नीट काम आयुष्यात दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कशानं आणायचं, यावर ते महिनाभर अडले. जुना पंप सडून गेला होता. टाकी उंच ठेवावी तर गाडीत जागा नाही. इंजिनावर चालणारा पंप लावावा तर त्याला धरायला जागा नाही. शेवटी बॅटरीवर चालणारा, नागपूरला मिळेल तसा, असं ठरलं. पण कमी जोराचा. त्या कार्बोरेटरांना जोर चालत नाही, आतली छोटी सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाहतं, हे पुस्तकातही होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

"इंजिन जेवढं मागते तेवढंच त्याले द्या," ते म्हणाले. "न मागता देल्लं का ते उलटी करते."

मी त्या रविवारी काही कामानं नागपूरला जाणार होतो. त्यांनी मला एक पारदर्शक नळी दिली, पुरुषभर लांब. छातीएवढ्या उंचीवर तिला लाल दोरा बांधला होता. "दुकानात पंप बॅटरीले लावा, नळी उभी धरा. पेट्रोल दोऱ्याच्या खाली थांबलं तर घ्या. वर गेलं तर घेऊ नका. दुसरा दाखव म्हना." त्याच आठवड्यात मी नववीला द्रवाचा दाब शिकवला होता. दाब म्हणजे उंची, हे मी फळ्यावर हिंदीत लिहून आलो होतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला ते समजलं नव्हतं असं कुणाला वाटू नये.

दुकानात दोन पंप होते, बाहेरून सारखेच. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, एक हलका आहे, एक जोराचा, डबे हरवलेत. बॅटरी लावतो, बघून घ्या. मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात माझ्या कॉलेजातला एक मित्र दुकानात आला. पँट-शर्ट, बूट, कुठल्या तरी कारखान्यात इंजिनिअर. त्यानं पाठीवर थाप मारली. "काय रे, सौंसरला गेलास म्हणे?" माझ्या हातात त्या नळीचं वेटोळं होतं, तिला लाल दोरा बांधलेला. "हे काय?" त्यानं विचारलं.

"लॅबसाठी आहे," मी म्हणालो आणि नळी पिशवीत टाकली.

दुकानदार बॅटरी घेऊन उभा होता. मी म्हणालो, "नको, हा द्या," आणि जो चकचकीत दिसला तो घेतला. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की बस चुकली असती. खोटं. बसला दीड तास होता. तो दीड तास मी मित्राबरोबर चहा पीत बसलो. मला भर दुकानात, बूट घातलेल्या मित्रासमोर, सौंसरच्या एका फिटरनं दोरा बांधून दिलेली नळी छातीशी धरून उभं राहायची लाज वाटली. बस, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

"मोजलं?" फिटरकाकांनी विचारलं.

"मोजलं. दोऱ्याच्या खाली चार बोटं," मी म्हणालो. चार बोटं हे मी बसमध्ये ठरवलं होतं.

ते स्वतः प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायचे. बाजारातून आलेला नटसुद्धा सोडायचे नाहीत. तो पंप मात्र त्यांनी तसाच बसवला. काकूंना म्हणाले, "सायन्सच्या मास्तरनं मोजला तो. आता मी काय मोजू?"

अंगणात इंजिन सुरू झालं तेव्हा काकूंनी त्याला कुंकू लावलं. आवाज असा होता की गल्लीतली माणसं घराबाहेर आली. पण प्लगचा रंग जमेना, काळा यायला लागला. "थोडी जास्त पिऊन राह्यली," ते म्हणाले. दोन आठवडे त्यांनी कारण शोधलं. सुया बदलल्या, कार्बोरेटर उघडले, आतल्या वाट्या घासल्या, परत बसवले. पुस्तकातली तीच चार पानं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. एकदा काम थांबवून माझ्याकडे न पाहता विचारलं, "मास्तर, पंप दोऱ्याच्या खालीच होता ना?"

नळी माझ्या खोलीत खिळ्याला होती. दहा पावलं. मी म्हणू शकलो असतो, चला, परत एकदा मोजून पाहू. हसतहसतसुद्धा म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "म्हटलं ना, चार बोटं."

"मंग मायाच काई चुकून राह्यलं," ते म्हणाले, आणि परत कार्बोरेटर उघडायला बसले.

घाटाच्या दिवशी बागाईतदार गाडी चालवायला बसले, शेजारी फिटरकाका, पांढऱ्या धोतरात. मागून जीपमध्ये बागाईतदारांची दोन माणसं आणि मी. रामाकोन्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. सकाळचं ऊन होतं, संत्र्यांचे ढीग लागले होते, आणि ती गाडी पुढं अशी जात होती की मलाही छाती फुगल्यासारखी वाटली. घाटाच्या तोंडाशी फिटरकाकांनी मागं वळून माझ्याकडे हात केला. मग चढ लागला आणि ती आमच्या जीपच्या पुढं निघून दिसेनाशी झाली. आम्हाला फक्त आवाज येत होता. तो टॉप गिअरचा आवाज होता, एवढं मलाही तोवर कळायला लागलं होतं.

मग आवाज बंद झाला.

आम्ही वळणावर पोचलो तेव्हा बागाईतदार रस्त्याच्या कडेला उभे होते आणि बॉनेटमधून जाळ येत होता. पेट्रोल वाहून तापलेल्या सायलेन्सरवर पडलं होतं. फिटरकाकांनी आधी पंपाची वायर तोडली, मग धोतराचा सोगा आणि रस्त्याकडेची माती दोन्ही हातांनी आत कोंबली. जाळ विझला. गाडीचं फार गेलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तुटली नाहीत, पण भाजून पांढरी पडली.

बागाईतदार घाबरले होते आणि घाबरलेला मोठा माणूस चिडतो. सगळ्यांसमोर ओरडले. "मी मेलो असतो आज! हे काम आहे तुमचं? कोनाची गलती ही?"

फिटरकाकांनी उघड्या कार्बोरेटरकडे पाहिलं. दोन्ही वाट्यांतून पेट्रोल अजून ठिबकत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो, पण ते पाहतायत हे मला कळत होतं.

"इंजिन म्या जोडून बंद केलं," ते म्हणाले. "गलती माही."

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर बागाईतदार माझ्यावर ओरडले असते, एवढंच झालं असतं. मी त्यांचा नोकर नव्हतो, माझं काही जाणार नव्हतं. एक वाक्य होतं. ते मी घाटातून सौंसरपर्यंत मनात तयार करत आलो आणि घर आल्यावर म्हणालो, "काका, दवाखान्यात जाऊ या."

वर्कशॉपची जागा पुढं नागपूरच्या एका मेकॅनिकला दिली गेली. नळही त्याला मिळाला. काकूंनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, पण माझ्या चहात साखर पूर्वीइतकीच असायची आणि मला तो गिळवत नसे.

आठवड्यानं, हाताला पट्ट्या असताना, ते माझ्या खोलीच्या दारात आले. "मास्तर, ते नळी द्यान."

मी खिळ्यावरून काढून दिली. त्यांनी तिचं टोक नाकाशी धरलं आणि वास घेतला. एकदा एका बाजूनं, एकदा दुसऱ्या. पेट्रोल एकदा गेलेल्या नळीचा वास महिना-दोन महिने जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. नळी कोरी होती. तिला माझ्या खोलीतल्या चुन्याचा वास येत असेल. त्यांनी तिचं वेटोळं नीट केलं, खांद्यावर टाकलं आणि गेले. त्या दिवसापासून साडेपाचला शेडमधून हाक आली नाही. मीच एकदा पुस्तक घेऊन गेलो, तर म्हणाले, "आता पाठ झालं मले ते."

मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. या माणसानं मला भांडायलाही काही ठेवलं नाही. मी धावपळ करून पांढुर्ण्याला बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी काकू शेजारी गेल्या होत्या, म्हणून त्यांची वाट पाहत मी शेडमध्ये उभा राहिलो. फळीवर शेवटी तो पंप होता. चिठ्ठी बाकीच्यांसारखी सुतळीनं बांधली नव्हती, लाल दोऱ्यानं बांधली होती. काय: पेट्रोलचा पंप. काय झालं: जोर जास्त, घाटात जाळ. गलती कोणाची. त्यापुढं काही नव्हतं.

घाटात चार माणसांसमोर ते "माही" म्हणाले होते. या फळीवर त्यांनी ते लिहिलं नव्हतं. इथं त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं.

माझ्या खिशाला पेन होता. मास्तरच्या खिशाला तो असतोच. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. मी निघून गेलो.

पांढुर्णा ते सौंसर हे अंतर बसनं दीड तासाचंही नाही. मला ते सात वर्षं पार करता आलं नाही. सौंसरला काम निघालं की मी कोणाला तरी पाठवायचो. लग्न झालं, बायकोचं माहेर बोरगाव. तिथं जायचं तर बस सौंसरवरूनच जाते, तेव्हा मी स्टँडवर खाली उतरत नसे, तहान लागली तरी. बायको म्हणायची, तुमचं सौंसरशी काय वाकडं आहे? तिला मी अजून सांगितलेलं नाही. आणि दरवर्षी नववीला द्रवाचा दाब शिकवायची वेळ यायची. काचेची नळी उभी धरून पोरांना विचारायचो, पाणी कुठवर चढलं? पोरं प्रामाणिकपणे डोळे नळीच्या पातळीला आणून वाचायची. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवत नसे.

फिटरकाका गेल्याचं मला शाळेच्या एका जुन्या सोबत्यानं पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सांगितलं. जाऊन महिना झाला होता. त्या रविवारी मी गेलो.

काकूंनी मला दारात ओळखलं. "या मास्तर," म्हणाल्या, जसा काही मी शाळेतून आलो. पाणी दिलं. मी काही तरी बोलायला लागलो, बदलीचं, घरच्या अडचणींचं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दोन बोटाइले मालूम पडत नव्हतं मंग. गरम का थंडं, ढिलं का टाइट. डाव्या हातानं करत राहे. सात वर्सं केलं तसंच. चांगलं करे."

मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "मायाजवळ काय आहे," त्या म्हणाल्या. "तिकडं चला."

शेडमध्ये इंजिन नव्हतं. फळी होती तशीच होती, धुरळा पुसलेला. आता काकू पुसत होत्या. पंपावर लाल दोरा विटून गुलाबी झाला होता. तिसरी ओळ कोरी होती.

"म्या म्हटलं होतं एक डाव," काकू म्हणाल्या, "का कोनाकडून लिहून घ्या, काहून खाली ठेवता. तर म्हने, नोको. त्याइचं काम आहे ते. येतीन तवा लिहितीन."

सात वर्षं. त्या माणसानं सात वर्षं रोज सकाळी ती कोरी ओळ पुसली होती आणि मी येईन असं धरून चालला होता. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत माझ्या आईबापांचंही कधी नव्हतं. मला तिथं उभं राहवेना इतकी लाज वाटली, आणि या वेळी मी उभा राहिलो.

खिशाला लाल पेन होता, पोरांच्या वह्या तपासायचा. मी चिठ्ठी तळहातावर धरली आणि नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, हजेरीत लिहितात तसं. मग सवयीनं ते वाचायला लागलो, तर काकूंनी माझ्या हातातून चिठ्ठी घेतली.

"तुमी नोका वाचू," त्या म्हणाल्या. "लिहिनाऱ्यानं वाचू नये."

त्यांनी पदराला चष्मा पुसला, उजेडाला गेल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. पेट्रोलचा पंप. जोर जास्त, घाटात जाळ. गलती कोनाची. मग माझं नाव, अडखळत, तोडून तोडून, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"बराबर," काकू म्हणाल्या, आणि पंप फळीवर ठेवून दिला.